धागा: एअरफिक्सची जुनी सिग्नल केबिन, ओकहॅमचं फाटक आणि रुळाकाठची इतर किटं

लेस्टरचा_लोकल

मंडळी, मॉडेल रेल्वेचा नाद असलेले इथे किती जण आहेत माहीत नाही, दोनचार तरी असतील या आशेवर धागा काढतोय. इंजिनांवर आणि डब्यांवर सगळेच बोलतात, पण रुळाकाठी जे उभं असतं ना, केबिन (जिथून सिग्नल हलवतात ती खोली), मालधक्का, पाण्याची टाकी, फाटकवाल्याची खोली, त्याच्यावर कोणी फार लिहीत नाही. मला खरी मजा त्यातच येते. गाडी दुकानातून आणून रुळावर ठेवली की संपलं, इमारत मात्र आपल्याला बांधावी लागते.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात इथे इंग्लंडात, लेस्टरला, एका चर्चच्या हॉलमध्ये जुन्या मॉडेल सामानाचा बाजार भरला होता. एका टेबलाखालच्या खोक्यात एअरफिक्सचं सिग्नल केबिनचं किट मिळालं. न जोडलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या घडीच्या कागदाला पिनेचा गंज लागलेला. चार पौंड. घासाघीस केली नाही, गुपचूप पैसे दिले आणि निघालो, म्हाताऱ्याचा विचार बदलायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एअरफिक्स म्हटलं की लोकांना विमानं आठवतात, पण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी रुळाकाठच्या इमारतींची पण मालिका काढली होती. स्टेशन, पादचारी पूल, इंजिन शेड, पाण्याची टाकी आणि ही केबिन. त्यांची छोटी किटं वूलवर्थ्समध्ये दोन शिलिंगला पिशवीत लटकवलेली असायची, म्हणजे पोराच्या खाऊच्या पैशात बसतील अशी. १९८१ मध्ये एअरफिक्स बुडाली आणि पुढे त्याच दशकात या मालिकेचे साचे डॅपोलकडे गेले. म्हणजे आजोबांनी बांधलं ते किट नातवाला आजही डॅपोलच्या नावाने मिळतं.

आणि ही केबिन कुठली तरी मनातली नाही बरं का. रटलंड काउंटीतल्या ओकहॅम गावच्या फाटकाजवळची खरी केबिन आहे, मिडलंड रेल्वे या जुन्या कंपनीची, १८९९ सालची, सरकारदरबारी ग्रेड टू वारसा वास्तू म्हणून नोंदलेली. माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास! इतकी वर्षं इथे राहतोय आणि हे मला पिशवीतलं किट घरी आणल्यावर कळलं. डोक्यावर हात मारून घेतला.

किट लेकीबरोबर (वय ९) जोडलं. साचा म्हातारा झालाय ते लगेच कळतं, कडेकडेने प्लास्टिकचे पापुद्रे ओघळलेले, ते आधी कानशीने घासावे लागतात. भिंती सरळ बसल्या, छप्पर जरा हट्टी निघालं, रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. माझा गाढवपणा एकच, खिडक्यांची पारदर्शक पट्टी सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी उठून बघतो तर सगळ्या काचांवर पांढरं धुकं. लेक म्हणाली, बाबा, आत चहा उकळतोय का. आता तीच गोष्ट आल्यागेल्याला सांगते.

फोटो खाली टाकलेत. सांभाळून घ्या.

कोथरूडची_मालगाडी

मस्त धागा! सुपरग्लूची वाफ काचेवर बसतेच, त्याला साधा पांढरा फेविकॉल बेस्ट. जरा वेळ लागतो पण सुकल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. मी कर्वे रोडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते. ते १९९८ ला सुरू झालं आणि भाऊसाहेब जोशींनी आयुष्य घालवलंय त्यात, तिथून जे वेड लागलं ते लागलं. पण आपल्याकडच्या इमारतींची किटं कुठे मिळतात? भायखळा स्टेशनाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, पण भायखळ्याचं किट? विसरा. बाहेरून मागवायचं तर किटपेक्षा ड्यूटी आणि कुरियर जास्त, एकदा एका परदेशी दुकानातून मागवलं तर पार्सल दीड महिन्यानी आलं आणि आत छपराचे तीन तुकडे.

म्हणून मी पुठ्ठ्यावर वळले. स्केलसीन्सवाल्यांचे नकाशे विकत घ्यायचे, घरी प्रिंट काढायची, दोन मिलीमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर डकवायची आणि कटरने कापायचं. एकदा फाइल घेतली की हवी तितकी घरं बांधा. विटांच्या भिंतीचा कागद इतका छान असतो की दोन फुटांवरून कोणाला कळत नाही. फक्त कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पांढरी कड दिसते, तिथे त्याच रंगाची पेन्सिल फिरवायची. हे कोणी सांगत नाही आणि सगळं गणित त्याच्यावरच असतं.

पावसाळ्याचं मात्र काही करता येत नाही. गेल्या जुलैत माझ्या मालधक्क्याच्या भिंती पापडासारख्या वळल्या. आणि सुरुवातीला मी हौसेने घरची खळ वापरली होती, ती झुरळांनी खाल्ली. खरंच खाल्ली. स्टेशनमास्तरच्या घराची एक बाजू गायब.

भोचक_भवानी

झुरळांनी स्टेशन खाल्लं हे वाचून सकाळ सार्थकी लागली. चालू द्या.

एडिसन_एक्स्प्रेस

मी न्यू जर्सीत असते, नवरा आणि मी दोघंही या नादात, तळघर गेलंय त्यात. इकडची गोष्ट थोडी सांगते.

अमेरिकेत एचओ माप चालतं, म्हणजे १:८७, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६. दोन रुळांमधलं अंतर दोघांचं सारखंच, १६.५ मिलीमीटर, त्यामुळे नवीन माणूस फसतो. सहा फुटी माणूस ओओमध्ये २४ मिलीमीटर आणि एचओमध्ये २१, हे ३ मिलीमीटर ऐकायला काहीच नाही पण एअरफिक्सच्या केबिनशेजारी वॉल्थर्सचं गोदाम ठेवून बघा, दार असं दिसतं की आत वाकून जावं लागेल. म्हणून लांबच्या इमारती एचओच्या आणि जवळच्या ओओच्या ठेवायच्या, म्हणजे उलट खोली वाढल्याचा भास होतो. हे आम्ही चुकून शिकलो.

वॉल्थर्स १९३२ पासूनची मिलवॉकीची कंपनी, त्यांची कॉर्नरस्टोन मालिका म्हणजे इकडच्या हौशींचं वाणसामान. प्लास्टिक, दोन संध्याकाळीत उभं राहतं. पण खरे वेडे लोक लाकडी किटं घेतात. जॉर्ज सेलियॉस यांनी १९६७ मध्ये फाइन स्केल मिनिएचर्स सुरू केलं, त्या किटात काय यायचं तर लाकडाच्या काड्या, धातूचे ओतीव बारीक भाग, कागद आणि सूचनांची पुस्तिका. भिंत वगैरे काही तयार नाही. तुम्हीच फळी फळी कापायची, रंगवायची, आणि मग परत खराब करायची, म्हणजे जुनी दिसायला! नवऱ्याने अशा प्रकारचं एक किट दोन वर्षांपूर्वी उघडलं, अजून छपराच्या कौलांवर आहे. मी काही बोलत नाही, माझंही वीणकाम अर्धंच पडलंय.

आणि इकडच्या छोट्या स्टेशनांना रुळाच्या बाजूला एक पुढे आलेली खिडकी असते, तीन बाजूंनी काच. मला वाटायचं शोभेची. तर ती तारमास्तरची जागा, खुर्चीवरून न उठता दोन्हीकडची लाइन दिसावी म्हणून. किट जोडताना ती खिडकी उलटी, म्हणजे रस्त्याच्या बाजूला लावलेली लेआउट मी बघितलीये, एका प्रदर्शनात, बक्षीस मिळालेली.

केबिनवाले_काका

नमस्कार मंडळी. मी मॉडेलवाला नाही, मुलाने धाग्याची लिंक पाठवली. मध्य रेल्वेत सिग्नल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली बरीचशी दौंडच्या बाजूला मेकॅनिकल केबिनवर. लेस्टरकर, तुमचा फोटो मोठा करून बघितला. केबिन सुरेख झालीय. पण तीन गोष्टी खटकल्या, राग मानू नका.

पहिली, तळमजल्याला तुम्ही पडदा लावलाय. तळमजल्यात कोणी राहत नाही! तिथे लॉकिंग असतं. वर लिव्हरची रांग आणि खाली त्याच लिव्हरना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, खाचा केलेल्या. सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) बदलून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही, कारण खालची पट्टी खाचेत अडकलेली असते. वीज नको, कॉम्प्युटर नको, नुसतं लोखंड. त्या खोलीला कुलूप आणि सील, आमच्या खात्याच्या माणसाशिवाय कोणी आत जायचं नाही. पडदा तर नाहीच नाही.

दुसरी, केबिनच्या पायापासून रुळाकडे काही जातच नाही. मग ही केबिन चालते कशी? पायाशी, रुळाच्या अंगाला, एक फट असते, तिच्यातून सांध्यांचे दांडे आणि सिग्नलच्या तारा बाहेर येतात. दांडे रोलरवरून, तारा कप्प्यांवरून. उन्हाळ्यात तार सैल पडते, थंडीत आवळते, आम्ही वरून ताण कमीजास्त करायचो. मी तुमच्या सगळ्यांचे फोटो बघितले, एकाच्याही केबिनला तार नाही. खेळणंच आहे, मान्य, पण तार नसलेली केबिन म्हणजे देवाशिवायचं देऊळ.

तिसरी, आतले लिव्हर तुम्ही सगळेच्या सगळे ओढलेले दाखवलेत. अहो, एवढे लिव्हर मला एकदम ओढता आले असते तर मी पेन्शनीत नाही, चौकशीत असतो. दोन्ही दिशांचे होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायचे, एकाच लाइनवर एकदम द्यायचे? म्हणूनच तर खाली ते लॉकिंग असतं.

लेस्टरचा_लोकल

काका, दंडवत! राग कसला, तुम्ही हे लिहिलंत म्हणून धाग्याचं सोनं झालं. पडदा लेकीने लावला होता, तिच्या मते खाली केबिनवाल्याची बायको राहते. समजूत काढतोय.

लिव्हरचं हे मी कुठे ऐकून होतो, सगळे एकाच बाजूला झुकवले तर छान ओळीत दिसतात एवढाच विचार केला. रंगांचं सांगा ना, इकडे थांबायच्या सिग्नलचे लाल, डिस्टंटचे (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्याचे) पिवळे, सांध्यांचे काळे, सांध्याच्या कुलपांचे निळे, फाटकाचे तपकिरी आणि रिकामे पांढरे.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा शनिवारी किट पिशवीत घालून आम्ही दोघं ओकहॅमला गेलो. फाटकाशी उभं राहून एका हातात केबिन धरून समोरच्या केबिनशी ताडून बघत होतो, लोक बघतायत, लेक लांब जाऊन उभी राहिली, मी हिच्या ओळखीचा नाही अशा थाटात. छपराचा उतार बरोबर, चारी बाजूंनी उतरलेलं. जिना, फळ्यांच्या भिंती, खिडक्यांची चौकट. ज्या कोणी साच्यासाठी माप घेतलं त्याने मन लावून घेतलंय.

पण घरी येऊन जे वाचलं त्याने मी जास्त उडालो. मिडलंड रेल्वेच्या केबिनी जागेवर बांधतच नव्हते! डर्बीला त्यांच्या कारखान्यात लाकडी भिंती तयार व्हायच्या, ठरावीक लांबीच्या, १० फूट, १२ फूट, १५ फूट, आणि मालगाडीने तिकडे पाठवून गड्यांकडून जोडून घ्यायच्या. लांब केबिन हवी तर आणखी एक तुकडा जोडा. म्हणजे बघा, मूळ केबिनच किट होती! एअरफिक्सने किटाचं किट केलं. आणि आता मला कळलं की जुने लोक एअरफिक्सची दोन किटं कापून जोडून एक लांब केबिन का करायचे आणि ती खरी का वाटायची, कारण कंपनी तेच करत होती. ओओमध्ये १० फूट म्हणजे ४० मिलीमीटर, १२ म्हणजे ४८, १५ म्हणजे ६०. या मापाने कापलंत तर तुमची केबिन कोणत्याही मिडलंडवाल्या म्हाताऱ्यापुढे ठेवा.

कोथरूडची_मालगाडी

बाप रे, हे भारी आहे. किटाचं किट!

मी आता उगाच शंका काढते. भारतीय ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर. ते १:७६ मध्ये २२ मिलीमीटर व्हायला हवं आणि आपण चालवतो १६.५ च्या रुळावर. म्हणजे आपली गाडी ब्रॉडगेज दिसतच नाही, मीटरगेज आणि ब्रॉडगेजच्या मधलं काहीतरी. मग ब्रिटिश केबिन शेजारी ठेवली तर निदान केबिन तरी खऱ्या मापाची. आणि सिग्नलचं सगळं तंत्र तिकडूनच आलेलं, त्यामुळे काळ्या दगडाचा पाया केला आणि वर कौलं चढवली की ओकहॅमची केबिन आपल्याकडची वाटायला लागते का, काका?

केबिनवाले_काका

वाटेल की. पाया दगडाचा हवा, रंग आपला तो पिवळसर नाहीतर पांढरा चुना, आणि बाहेर लाल बादल्या, वाळूच्या. त्या बादल्या विसरू नका, वाळूत विड्यांची थोटकं असतात ती पण दाखवा हवं तर. नावाची पाटी तिन्ही भाषांत.

रंगांचं, लाल, काळा, निळा, तपकिरी, पांढरा सगळं आपल्याकडे तसंच. जिथे जुना वॉर्नर (तुमच्या डिस्टंटसारखा) होता तिथे त्याचा लिव्हर हिरवा. एक फरक बघा, तुमच्या ओकहॅमच्या फोटोत सिग्नलचा हात वर जाऊन गाडीला वाट मिळते. आमच्याकडे जुन्या सिग्नलला हात खाली पडायचा. म्हणून आपण मराठीत म्हणतो ना, सिग्नल पडला, गाडी येतेय. आता रंगीत दिवे आले, पडत काही नाही, तरी प्लॅटफॉर्मवरचा माणूस अजून सिग्नल पडला का हेच विचारतो.

आणि लिव्हरच्या मुठीवर फडकं ठेवा. हाताच्या घामाने मूठ गंजते, म्हणून केबिनमन उघड्या हाताने लिव्हर धरत नाही. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी नुसता हात घालायचा आणि म्हाताऱ्या केबिनमनच्या शिव्या खायचा. मी पण खाल्ल्यात.

भोचक_भवानी

मी केबिनच्या गावची नाही पण आता रोज धागा उघडते. एक भाबडा प्रश्न, एवढं करून गाडी किती वेळ चालवता?

एडिसन_एक्स्प्रेस

आठवड्यातून वीस मिनिटं, त्यातही दहा मिनिटं रूळ पुसण्यात जातात.

अवांतर: ते किटाचं किट वाचून आठवलं, पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्ग रेल्वेवर जे देखणं स्टेशन आहे ते मुळात तिथलं नाहीच. ईस्ट पीटर्सबर्गमध्ये होतं, सुटं करून तिकडे नेऊन परत उभं केलंय. आम्ही त्याच्या पायरीवर बसून सँडविच खाल्लंय आणि कळलं पण नव्हतं. सदर्न पॅसिफिकसारख्या कंपन्यांची तर स्टेशनं पण ठरावीक नकाशावर बांधलेली असायची, नकाशाला नंबर, म्हणजे या गावाला अमुक नंबरचं स्टेशन द्या. म्हणून एक किट घेतलं की पन्नास गावांना चालतं, फक्त पाटी बदला.

रुळावरचा_बेडूक

फार दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी स्टुटगार्टजवळ असतो. इकडे फालर आणि फोलमर. फालर ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटनबाखची, १९४६ ला दोन भावांनी काढलेली. फोलमर इथलीच, २०१४ ला बंद झाली, मालिका दुसऱ्या कंपनीने घेतली. किटं सुबक, इतकी सुबक की सगळी गावं नुकतीच रंगवल्यासारखी दिसतात. वर ताईंनी म्हटलं तसं खराब करावी लागतात. मी पातळ काळा रंग पाण्यात कालवून भिंतीवर सोडतो आणि लगेच टिश्यूने पुसतो, खाचांत राहतो तेवढा ठेवायचा. धुरांड्याच्या खालच्या बाजूला जास्त, पन्हळीखाली हिरवट ओघळ.

विटांची एक युक्ती: ब्रिटिश वीट सांध्यासकट तीन इंचाची धरली तर एका फुटात चार थर, ओओमध्ये एक थर बरोबर एक मिलीमीटर. पट्टी लावून मोजा. किटाच्या भिंतीवर एका सेंटीमीटरमध्ये दहा थर आले तर किट ओओचं आहे, डब्यावर काही लिहिलेलं असो. बाजारात जुनं डबा नसलेलं किट घेताना मी आधी हेच बघतो.

कोथरूडची_मालगाडी

बेडूकराव, ही युक्ती वहीत लिहून ठेवली. आत्ताच जाऊन माझ्या प्रिंटवर पट्टी लावली, नऊ आले. प्रिंटरने पानाला बसवायला मोठं केलंय वाटतं! म्हणजे माझं अख्खं स्टेशन दहा टक्के फुगलेलं आहे. दोन वर्षं मला वाटत होतं की माझी माणसंच बुटकी आहेत.

लेस्टरचा_लोकल

हाहा! प्रिंट करताना पानाला बसवा ही खूण काढून टाका, शंभर टक्क्यांवर ठेवा.

अपडेट देतो. खालचा पडदा गेला, खिडक्यांना आतून राखाडी रंग मारला. धुकट काचा काढून नवीन लावल्या, फेविकॉल इकडे एका देशी दुकानात मिळाला, आधी का नाही सुचलं. पायाशी फट कापली, तिच्यातून गिटारची सगळ्यात बारीक तार चार पदरी रुळाकडे नेलीये, कप्प्या म्हणून लेकीच्या तुटलेल्या माळेतले मणी. लिव्हर परत बसवले, काकांनी सांगितल्यासारखे, एकाच दिशेचे तीन लाल ओढलेले, बाकी सगळे जागेवर. फडकं पण ठेवलंय, टिश्यू पेपरचा तीन मिलीमीटरचा तुकडा. फोटो टाकलाय, काका तपासा.

केबिनवाले_काका

बघितला. तारा झकास. लिव्हर पण आता बरोबर, गाडी बिनधास्त सोडा.

फडकं मात्र इतकं पांढरं नसतं हो. थोडं ग्रीस लावा.

लेस्टरचा_लोकल

लावलं. सायकलच्या साखळीवरचं.